दसऱ्याचं बोट

मित्रांनो, घाबरू नका. माझ्या पोटात आता एकही गोळी नाही. मी एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे आणि माझी हकिकत थोडी ऐकून घ्यावी, एवढीच माझी इच्छा आहे.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. पोलादाचं अंग, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. बोटीनं मुंबईला उतरलो आणि पनवेलच्या एका जंगल ठेकेदारानं रीतसर परवाना काढून मला घरी आणलं. रानात फिरताना सोबत असावी, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याच्या पश्चात परवाना मुलाच्या, कमळाकरच्या नावावर झाला आणि मी त्याच्या कपाटात राहायला गेलो.

कमळाकरची भाताची गिरणी होती. त्याला माझा काडीचा उपयोग नव्हता. पण त्यानं मला कधी अडगळीत टाकलं नाही. निवडणूक आली की सगळ्यांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होत. तिथले हवालदार मला उलटसुलट करून बघत आणि म्हणत, हत्यार ठेवावं तर असं. मी फुशारून जाई. खरं तर कौतुक मला तेल लावणाऱ्या कमळाकरच्या हातांचं होतं, पण ते मी स्वतःकडे घेई.

मी आयुष्यात कुणाचा जीव घेतला नाही, याचा मला फार आनंद आहे.

माझा सण म्हणजे दसरा. त्या दिवशी गिरणीच्या पान्यांशेजारी मला पाटावर ठेवत. कमळाकर ओल्या कुंकवाचं एक बोट माझ्या गोल चक्रावर ओढी, झेंडूचं फूल वाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी तो जुन्या धोतराच्या फडक्यानं ते कुंकू पुसून मला तेल लावी. त्याची बायको कुमुद दरवर्षी कुरकुरे. देवाचं असं लगेच पुसू नये, असं तिचं म्हणणं. कमळाकर म्हणे, ओल धरते, लोखंड खाते. हा त्यांचा ठरलेला वाद होता. तो ऐकल्याशिवाय मला दसरा संपल्यासारखं वाटत नसे.

एक्याण्णव साली हा वाद झालाच नाही. सोनं वाटून कमळाकर घरी आला, पाटाजवळ टेकला आणि त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझ्या अंगावरचं कुंकू अजून वाळलंही नव्हतं.

माणूस गेल्यावर त्याचं हत्यार घरात ठेवता येत नाही. वारसानं परवाना काढावा, नाहीतर विकून टाकावं. तोपर्यंत मला हत्यारांचे परवानाधारक दुकानदार इलियासभाईंकडे ठेवायचं ठरलं. ते मला न्यायला घरी आले, तेव्हा कुमुदनं त्यांना एकच विनंती केली.

"भाई, बाकी काहीही करा, पण हे कुंकू पुसू नका. ह्यांचं बोट आहे ते."

इलियासभाईंनी मान डोलावली आणि शब्द पाळला. मला फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. तेल नाही, हात नाही. मग पावसाळा आला. खाडीवरच्या दमट हवेत मी आतून कुरतडला जात होतो आणि मला ओरडता येत नव्हतं.

तिकडे घरात माझ्यावरून धुसफूस चालली होती. मुलगा स्वानंद पुण्याला बँकेत होता. आपल्या घरात आता याचं काय काम, विकून मोकळं होऊ, असं तो म्हणे. कुमुद वाद घालत नसे, फक्त ताटावरून उठून जाई. शेवटी स्वानंद नमला. परवान्यासाठी अर्ज करतो, म्हणाला. तेव्हा मला किती आनंद झाला, काय सांगू! वाटलं, या बाईचा माझ्यावर केवढा जीव आहे.

अर्जासाठी माझ्या अंगावरचा नंबर बघायला मायलेक दुकानात आले. इलियासभाईंनी फडकं सोडलं आणि अंगठ्यानं जोर लावून पाहिला. माझं चक्र फिरेना. कुंकवाभोवती गंज चढला होता.

"भाभी, तुमची अमानत म्हणून हात लावला नाही," ते हळूच म्हणाले. "पण आता नाही पुसलं, तर हे ठेवण्याच्याही लायक राहणार नाही आणि विकण्याच्याही."

स्वानंदनं आईकडे पाहिलं.  कुमुदनं मला ओंजळीत घेतलं आणि पदराच्या टोकानं स्वतःच ते कुंकू पुसलं. अगदी सावकाश, तापलेल्या लेकराचं कपाळ पुसावं तसं. पदराला तांबूस डाग लागला. त्या डागाभोवती तिनं गाठ मारली आणि मला काउंटरवर ठेवून दिलं.

"स्वानंदा, अर्ज राहू दे. विकून टाक आता."

"अगं, याच्यासाठीच तर तू इतके दिवस..."

"याच्यासाठी नव्हतं रे."

पदराची गाठ मुठीत धरून ती दुकानाबाहेर पडली. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं नाही. मित्रांनो, तेव्हा मला कळलं की या घरानं जपलं ते मला नव्हतंच. दोन पिढ्या त्यांच्याकडे काढल्या, पण मी रडू तरी कसा?

नंतर इलियासभाईंनी मला तेलात भिजवलं आणि गंज घासून काढला. चक्र फिरू लागलं. पण कुंकू होतं तिथलं पोलाद खाल्लं गेलं होतं. वर जाड, खाली निमुळता, बोटाएवढा एक खोलगट डाग. गिऱ्हाईक नाक मुरडतं, त्यामुळे मी अजून विकला गेलेलो नाही.

आपल्या माणसाची वस्तू ठेवलीत, तर तिला हात लावत जा, पुसत जा, एवढंच माझं तुम्हाला सांगणं. आणि एक माझ्यासाठी करा. पनवेलला कुमुद भेटली तर तिला सांगा, पदर कधीतरी धुतला जाईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांचं बोट माझ्या अंगात उतरलंय. एकदा येऊन बघून जा.