डोळा लागला होता

"मान वर करा," बायको म्हणाली आणि कोर्टाच्या दारातच तिने टॅक्सीवाल्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. त्याने ते काढलं. तिने पुन्हा लावलं.

"फाशी द्यायला आणलंय का मला?"

"तुमच्या तोंडाकडे बघून तसंच वाटतंय. अर्धं बोलायचं नि अर्धं गिळायचं, ही खोडच नडली तुम्हाला. स्टँडवरचे उगाच मौनीबाबा म्हणत नाहीत! आत गेल्यावर कोण, काय, कसं, सगळं नीट सांगा."

"बरं."

"बघा! 'बरं' म्हणे."

आत उकाडा होता. उंच छतावरचा पंखा इतका सावकाश फिरत होता, की आपण तरी का फिरतोय याचा त्याला विसर पडला असावा. खिडकीतून पिवळं ऊन बाकांवर उतरलं होतं. कुणी हेल्मेट नसल्याचं, कुणी उलट दिशेने गाडी घातल्याचं प्रकरण घेऊन आलेला, सगळेच पेंगुळलेले. दोघं शेवटच्या बाकावर टेकली. बायकोचं बोलणं काही थांबेना. गॅस बंद केला का, शेजारीण कशी फटकळ, या भिंतीला कोणी असला रंग देतं का.

तो ऐकत राहिला. ती का बोलते हे त्याला ठाऊक होतं. तिला आईच्या मायेने वाढवणारी तिची ताई एका रात्री जेवून झोपली, ती उठलीच नाही. तेव्हापासून हिने झोपेचा धसकाच घेतला होता. पापणी जड झाली, की ती बोलायला लागायची. रात्र रात्र बोलायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. तो बिचारा हुंकार देता देता झोपून जायचा आणि सकाळी स्वतःचीच लाज वाटून गाडी पुसत बसायचा.

आणि त्या दुपारी, तिला दवाखान्यातून घरी आणताना, सिग्नलला गाडी थांबली आणि मागचं बोलणं बंद झालं. त्याने आरशात पाहिलं. ती सीटवर आडवी झाली होती, तोंड किंचित उघडं. सिग्नल हिरवा झाला. त्याच्या जुन्या गाडीला पहिल्या गिअरला हिसका बसायचा. त्याने गिअर टाकलाच नाही. दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, लोक शिव्या घालत बाजूने गेले, आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून तिचा श्वास ऐकत राहिला. इतकं सुख त्याला कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

पोलिसाने पुढची काच ठोठावली तेव्हा तो ओठांवर बोट ठेवून हळूच एवढंच म्हणाला, "डोळा लागला होता, साहेब."

तेवढ्यात शिट्टी वाजली आणि ती किंचाळत उठली. तिला पाणी पाजता पाजता त्याने पुढे आलेल्या कागदावर न वाचता सही केली. गाडी चालवताना चालक झोपला, असं त्यात लिहिलेलं. आता परवाना जाणार होता, आणि परवाना गेला की गाडी दारात नि चूल थंड.

"मीच सांगते ना, मी झोपले होते म्हणून," ती घरी म्हणाली होती.

पण मग का, कधीपासून, हे सगळं निघालं असतं. चार परक्या माणसांसमोर तिला ताईचं मरण पुन्हा उगाळायला लावायचं? त्यापेक्षा गेला परवाना खड्ड्यात, असं त्याला वाटत होतं.

पंखा फिरत होता. कुठल्या तरी वकिलाचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याच्या लक्षात आलं, की बायको गप्प आहे. त्याच्या डाव्या खांद्यावर ऊबदार वजन आलं होतं.

शिपायाने त्याच्या गाडीचा नंबर पुकारला.

तो उठला नाही. नुसता उजवा हात वर केला.

"उभं राहायचं!" शिपाई खेकसला.

टॅक्सीवाल्याने ओठांवर बोट ठेवलं. भर कोर्टात! पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश बाईंनी मान वर केली.

"काय चाललंय? ऐकू येत नाही का?"

"येतंय, मॅडम," तो कुजबुजला. "डोळा लागलाय."

भिंतीशी उभा असलेला तो पोलीस तरातरा पुढे आला. "बघा, मॅडम! त्या दिवशीही हेच म्हणाला. अगदी असंच, तोंडावर बोट ठेवून..."

त्याची नजर टॅक्सीवाल्याच्या खांद्यावर गेली.

न्यायाधीश बाईंनीही तिकडे पाहिलं. मग समोरच्या कागदाकडे, मग पुन्हा तिकडे.

"कोणाचा डोळा, ते विचारलं होतं तुम्ही?"

पोलिसाने टोपी काढून हातात घेतली. "नाही, मॅडम," तो म्हणाला, आणि त्याचाही आवाज आपोआप खाली आला.

बाईंनी कागदावर एक ओळ खोडली, एक लिहिली. पेनाची करकर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आली.

"परवाना राहू दे. रस्ता अडवल्याचा दंड मात्र भरावा लागेल."

"भरतो," म्हणत तो खिशाकडे हात न्यायला लागला.

"आत्ता नको," बाई म्हणाल्या. "त्या उठल्या की भरा."

शिपायाने पुढचा नंबर पुकारायला तोंड उघडलं, मिटलं, आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतलं.