मूळ कल्पना: अंबरीश

रविवारी सकाळी भार्गवी नेदरलँड्सच्या दुसऱ्या टोकाला, एनस्खेडे शहरात निघाली होती, कायमची. तिला थांबवायला अंबरीशकडे घरापासून फेल्डहोवनच्या बसथांब्यापर्यंतचा रस्ता तेवढा उरला होता. बॅग त्यानंच उचलली. तेवढाच वेग कमी.

भांडण नाटकावरून झालं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीसाठी भार्गवीनं सहा महिने खपून नाटक लिहिलं. शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका, कॅमेऱ्याची पेटंटं मूठभर कंपन्यांच्या हातात, त्यांची माणसं चित्रीकरणावर धाडी घालताहेत. आणि एक फाटकी कंपनी कॅमेरा पिंपात लपवून पार कॅलिफोर्नियाला पळते, वकील पोचेपर्यंत सिनेमा पुरा करायचा म्हणून. ही हकिकत अंबरीशनं तिला सांगितली होती, खरंय. त्याची नोकरीच पेटंटांची. सांगायला लागली वरणभात संपेपर्यंतची दहा मिनिटं. पण प्रयोगानंतर हातात माइक आल्यावर गडी म्हणाला, “मूळ कल्पना माझी. शब्दांकन, आमची ही.” नावसुद्धा नाही. लोक हसले.

तसं संसारात त्याच्या नावावर बरंच जमा होतं. डच शिकायची कल्पना त्याची, शिकली ती. बाल्कनीत मेथी लावायची कल्पना त्याची, पाणी तिचं.

“अगं, चेष्टा होती ती. कुणी लिहिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.”

“मग तुलाच तेवढं सांगायला जड गेलं?”

“मंडळाच्या शुभदाताईंना मेल टाकतो. सगळ्यांसमोर माफी मागतो, बस?”

“मजकूर मी लिहून देऊ?”

तो हसला. ती नाही.

कोपऱ्यावर बस दिसली. ‘नको जाऊस’ एवढंच त्याला म्हणायचं होतं. शब्द घशापर्यंत आलेही. तोंडातून निघालं ते भलतंच: “एनस्खेडेच्या लायब्ररीतल्या नोकरीची जाहिरात मीच दाखवली होती तुला. आठवतं ना?”

बोलल्यावर त्यानं जीभ चावली. पण मनात आशाही पालवली. आता ती उसळणार. सहा वर्षांत त्याचा एक दावा तिनं बिनविरोध जाऊ दिला नव्हता. तारखा काढायची, साक्षीदार काढायची, दमेपर्यंत भांडायची आणि मग दोघांचा चहा टाकायची. भांडायला ती थांबली, तर ही बस तरी चुकेल.

“हो,” भार्गवी म्हणाली. “तूच दाखवलीस.”

आणि त्याच्या हातातून बॅग घेऊन ती चढली.