इटलीतली शेवंती

पंच्याऐंशी साली, दुसरे महायुद्ध संपून चाळीस वर्षे झाल्याचे निमित्त साधून, घाटकोपरच्या भटवाडीतील आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाने जर्मनीवर हल्ला करायचे ठरवले. खरे कारण निराळे होते. शेजारच्या मंडळाने कापसाची अमरनाथ गुहा उभारली होती आणि तिच्या दारात मुलुंडपर्यंतच्या माणसांची रांग लागत होती.

"बर्फाला उत्तर तोफेनं द्यायचं," अध्यक्ष नाना पेडणेकर सभेत म्हणाले. "विषय, महायुद्धातला भारतीय जवान. आणि आपल्याकडे तर असली माल आहे!"

असली माल म्हणजे काशीराम गावडे, आमचे तात्या. कुडाळकडच्या खेड्यातून ते सैन्यात गेले होते, इटलीच्या डोंगरांत दोन हिवाळे काढून आले होते आणि मग गिरणीत लागून, गिरणी बंद पडेपर्यंत त्याविषयी फारसे बोलले नव्हते. त्या सभेत ते कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होते.

"तात्या, तुम्ही मशिनगन घेऊन टेकडी चढायची आणि हिटलरची माणसं लोळवायची. झकास ना?"

"हिटलर मी कदी बगूक नाय," तात्या म्हणाले. "चिखल बगलंय. गुडघ्याएवढो."

"पण मशिनगन?"

"माझ्या हातात खेचर होता."

सभेत हशा पिकला. पण तात्या हसले नाहीत. जिथे गाडी पोचत नव्हती तिथे, वर शिखरावर अडकलेल्या पलटणीला दारूगोळा आणि पाणी पोचवणे, आणि परतताना जखमींना उतरवणे, हे त्यांचे युद्ध होते. खेचर असेल तर मी, नाहीतर मी नाही, एवढे सांगून त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

खेचरामागचा त्यांचा हट्ट चाळीत फक्त मलाच नीट समजला, कारण निवेदन लिहायचे काम माझ्याकडे आले होते. मी कविता करतो असा चाळीत संशय होता. माहिती घ्यायला मी तात्यांच्या खोलीत जाऊन बसत असे आणि आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकींचा, आवाज येत असे.

"लोकांचे घोव लढाई करून इले. आमचे खेचरां राखून इले!"

चाळीस वर्षे हे एकच वाक्य त्या घरात रोजच्या आमटीसारखे शिजत होते.  आपण काय केले ते हिने एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच तात्यांची इच्छा होती, आणि त्यासाठीच म्हातारपणी ते मंचावर उभे राहायला तयार झाले होते. काकींनी मात्र जाहीर केले होते की त्या अमरनाथला जातील.

एका दुपारी काकी नळावर गेल्या असताना तात्या माझ्या कानाशी आले.

"तुका सांगतंय, कोणाक सांगू नको. त्या खेचराचा नाव होता शेवंती."

मी लिहायचा थांबलो. शेवंती हे काकींचे नाव होते.

"लग्न झाला नि लगेच बोटीत बसलंय. घरात आई, आत्ये, चुलती. त्यांच्यासमोर बायलेचा नाव कोण घेता? आमच्यात रीतच नाय. थयसर डोंगरात कोण होता ऐकूक? तिच्या कानात हाक मारायचंय नि ती चढायची. तोफेचे गोळे पडत तरी चढायची." त्यांनी एकदा दाराकडे नजर टाकली. "युद्ध सरला, नि तिका थयच सोडून येवचा लागला. हयसर इलंय, हिका हाक मारूक गेलंय, तर डोळ्यांसमोर दोन लांब कान उबे रवले. मगे नाव घेवचा रवलाच."

तात्यांनी काकींना हाक मारताना आयुष्यभर "ऐकलंस?" एवढ्यावरच भागवले होते, हे आम्ही सारे जाणत होतो. त्यामागे इटली आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

"नाटकात नाव 'राणी' लिही," ते म्हणाले. "हिका कळला तर माझी वाट लागतली."

मी 'राणी' लिहिले. एका माणसाने प्रेमाने ठेवलेले नाव खोडताना माझे मन विनाकारण जड झाले, आणि त्याच वेळी हसूही येत राहिले.

आमचा देखावा जिवंत होता, म्हणजे संवाद आधीच कॅसेटवर भरलेले आणि पात्रांनी मंचावर नुसते ओठ हलवायचे. तात्यांचा आवाज जयवंतने दिला. तो बोरिवलीला एका कंपनीत साबण विकत असे, आणि त्याच्या "चल राणी, मायभूमी तुला पुकारते आहे!" या वाक्यातून साबणाचा वास सुटे. खेचर गोणपाटाचे होते. चाळीतल्याच सुलक्षणाने ते शिवले होते; कानांना तिने आपल्या जुन्या काळ्या मखमली पोलक्याच्या बाह्या लावल्या होत्या. पुढचे पाय मंडळातला दत्ताराम झाला आणि मागचे पाय मी.

ही भूमिका मी स्वतःहून मागितली. मंचावर असावे आणि कोणाला दिसू नये, अशी सोय जगाच्या रंगभूमीवर मला दुसरीकडे कुठे आढळलेली नाही. शिवाय रोज संध्याकाळी सुलक्षणा बाहेरून माझ्या पाठीवरच्या नाड्या बांधत असे आणि विचारत असे, "श्वास घेता येतो ना रे?" मी अंधारातून "हो" म्हणत असे. आमचा परिचय याच्या पुढे गेला नव्हता.

पहिल्या प्रयोगाला काकी आल्या. अमरनाथची रांग मोठी होती, म्हणून आल्या. पहिल्या रांगेत शेजारच्या सुंदराबाईंच्या बाजूला खुर्ची ओढून त्या बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "बगू तरी खेचर."

पडदा वर गेला. निवेदन सुरू झाले. गोणपाटाच्या एका भोकातून मला तात्यांचे बूट दिसत होते आणि त्यांच्या जुन्या खाकी विजारीचा पोटाशी न लागणारा पट्टा, जो त्यांनी सुतळीने जोडून घेतला होता. आम्ही फळ्यांची टेकडी चढू लागलो. नानांनी इशारा केला आणि मंचामागे लवंगी फटाक्यांची माळ पेटली.

पुढचे सर्व एकाच वेळी घडले. दत्ताराम दचकला. माझा उजवा पाय दोन फळ्यांच्या फटीत गेला. विजेचा दाब उतरला आणि जयवंतचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा येऊ लागला, "चऽऽल... राऽऽणी..." आणि मग पार थांबला. खेचर टेकडीच्या मध्यावर अडले.

"मागचा, चल ना यार!" दत्ताराम पुटपुटला.

"पाय अडकलाय."

"आता काय, खेचराचं ऑपरेशन करू?"

माळ तडतडतच होती. धूर आत शिरला. तात्यांचे बूट मागे वळले. ते जवळ आले, लगाम घट्ट धरला गेला, आणि ओठ नुसते हलवायचे आहेत हे विसरून एक खरा, घोगरा, घाबरलेला आवाज त्या मंडपात उमटला.

"शेवंते! चल गो बाये! थांबू नको. वर पोरां पाण्याशिवाय तानेली आसत. चल गो शेवंते!"

माळ संपली. 

"काकी," सुंदराबाई म्हणाल्या, "तुझं नाव घेतलं गं!"

"गप ऱ्हव."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या. काकी निघून चालल्या असे मला वाटले, आणि गोणपाटाच्या आत मी डोळे मिटून घेतले. मग माझ्या भोकासमोर नऊवारीचे हिरवे काठ येऊन थांबले. त्या मंचावर चढल्या होत्या.

"खय न्हेतास तिका?" काकींनी विचारले.

"वर," तात्या म्हणाले. त्यांचा श्वास अजून बसला नव्हता. "पाणी घेवन."

"कोणाक?"

"पोरांक. वर अडाकली आसत. खालसून दुसरी वाट नाय."

हिरवे काठ तात्यांकडे वळले. तात्यांच्या चेहऱ्यावर काकींना काय दिसले, ते मला माझ्या जागेवरून दिसणे शक्य नव्हते. मला फक्त त्यांची पावले दिसली, आणि ती जवळ सरकली.

"मगे न्हेवा. थांबल्यात कित्याक?"

"ती हलना नाय."

"हलतली कशी? तिचो मागचो पाय अडाकलो हा!"

त्यांनी वाकून माझी पोटरी दोन्ही हातांनी धरली आणि फणस उपटावा तशी उपटली. मी किंचाळलो. खेचराच्या मागच्या बाजूने निघालेल्या त्या आवाजाला प्रेक्षकांनी त्या संध्याकाळची पहिली टाळी दिली. मग एका बाजूने तात्या, दुसऱ्या बाजूने काकी, असे लगाम धरून त्यांनी आम्हाला शिखरावर नेले. विजेचा दाब परत आला आणि जयवंतने गर्जना केली, "मायभूमी तुला पुकारते आहे!"

"त्याका गप करा," काकी म्हणाल्या. "तिका पाणी न्हेवचा हा."

पडद्यामागे सुलक्षणा माझ्या पायाला हळद लावत होती, तेव्हा पलीकडच्या बाकावरून बोलणे कानी येत होते.

"रंगान कशी होती?"

"काळी. डोळे मोठे."

"आणि सभाव?"

"तुझोच."

"म्हंजे कसो?"

"मनात येयसर हलाची नाय."

काकी हसल्या नाहीत. जराशाने त्यांनी विचारले, "आणि तिका थय सोडून येताना?"

 काकींनी पदराचे टोक तात्यांच्या हातात दिले. त्यांनी तोंड पुसले आणि, सवयीने, पट्ट्याची सुतळीही सारखी केली.

दुसऱ्या दिवसापासून कॅसेटवरील राणी पुसली गेली आणि तात्या स्वतःच्या आवाजात शेवंतीला हाक मारू लागले. नाना कुरकुरले, पण तिसऱ्या दिवशी अमरनाथची रांग आमच्या मंडपाकडे वळली तेव्हा ते स्वतः प्रत्येकाला सांगू लागले की ही कल्पना मूळची त्यांचीच. काकी रोज पहिल्या रांगेत बसत. खेचर शिखरावर पोचले की त्या मागे वळून पाहत, सर्वांनी नीट पाहिले ना याची खात्री करावी तशा.

उत्सव संपल्यावर एका सकाळी मी लंगडत नळावर गेलो. रांगेत काकी कळशी घेऊन उभ्या होत्या. वरच्या गॅलरीतून तात्यांनी खाली पाहिले, घसा खाकरला, आणि सगळ्या चाळीच्या देखत हाक मारली.

"शेवंते! चाय झाली गो!"

नळाखालची भांडी तेवढी वाजत राहिली. काकींचे कान लाल झाले. त्यांनी वर पाहिले नाही, कळशी कमरेवर घेतली आणि जागच्या हलल्याही नाहीत.

"काकी, हाक मारतायत," मी म्हणालो.

"ऐकला मी. पण मी काय खेचर आसंय, एका हाकेक धावूक?"

आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, दुसरी हाक येईपर्यंत.