पुढच्या चाकाचा बाण

रामदासला त्या रविवारी मैदानावर कुणीही बोलावलं नव्हतं, आणि नेमकं म्हणूनच तो सकाळी सातला अंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाला.

"बोलावणं आलंय का तुमास्नी?" त्याच्या बायकोनं, सगुणाबाईनं, आतून विचारलं.

"रस्त्यानं जायाला बोलावणं लागतंय व्हय?"

"मग इस्त्रीचा शर्ट काय रस्त्याला दावायला घातलाय?" ती म्हणाली आणि पुन्हा भाकरीकडे वळली. नवऱ्याच्या पोटात काय दुखतंय हे तिला पंधरा दिवसांपासून ठाऊक होतं. अख्ख्या पिरंगुटाला ठाऊक होतं. एकटा रामदासच समजत होता की कुणाला पत्ता नाही.

गोष्ट अशी होती. दरवर्षी पाऊस ओसरता ओसरता पुण्याकडच्या दीड-दोनशे मोटारसायकली मुळशी धरणाच्या अलीकडच्या मैदानावर जमत. पोहे खायचे, फोटो काढायचे, ताम्हिणी घाट उतरून परत यायचं, असा त्यांचा मेळावा. गेली चार वर्षं मैदानाच्या कडेच्या जांभळीखाली रामदास आपला हवेचा पंप, टायर काढायच्या दोन टॉम्या आणि 'वस्ताद रामदास टायरवाले' अशी पाटी घेऊन बसत असे. कुणाची हवा, कुणाचं पंक्चर. अंगठ्यानं टायर दाबून तो हवेचा आकडा सांगायचा आणि शहरातली पोरं मुद्दाम मीटर लावून पडताळायची. आकडा जुळायचा. मग "वा, वस्ताद!" म्हणून टाळ्या पडायच्या. वर्षभर दुकानात काळे हात करणाऱ्या माणसाला एक दिवस टाळ्या मिळतात, त्याची चव काय असते ते ज्याला मिळाल्यात त्यालाच विचारावं.

यंदा मेळाव्यावाल्यांनी ते काम शंभूला दिलं.

शंभू परका असता तर रामदासनं चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण शंभू अकरा वर्षं त्याच्याच हाताखाली राबलेला, घाटावरच्या एका वाडीतला. टॉमी कशी धरायची इथपासून रामदासनंच त्याला शिकवलं होतं. कामाला चोख, तोंडानं मुका. अकरा वर्षांत एकदाच काय ते उलटून बोलला होता, तेव्हा रामदासनं हातातला पाना फेकून मारला होता. भुवईला तीन टाके पडले. कशावरून बोलणं झालं होतं ते आता रामदासला आठवतही नव्हतं. गेल्या दसऱ्याला शंभूनं बावधनला स्वतःचं दुकान टाकलं, काचेच्या दाराचं, आणि त्यात रिमवरून टायर आपोआप उतरवणारं मशीन आणलं. "मशीननं टायर बसतंय, अक्कल न्हाई बसत," असं रामदास तेव्हापासून ऐकेल त्याला सांगत होता. ऐकणारे हळूहळू कमी होत गेले.

मैदानावर पोचल्यावर त्यानं आपली गाडी लांब, देवळामागं लावली. जांभळीखाली निळा तंबू होता. तंबूत मशीन होतं, टायरांची चळत होती, आणि काळा टी-शर्ट घातलेला शंभू होता. टी-शर्टावर पाठीमागं दुकानाचं नाव होतं. रामदासला तो टी-शर्ट पाहून जेवढा राग आला तेवढा मशीन पाहूनही आला नाही. हात पुसायला फडकंसुद्धा धुतलेलं होतं मेल्याकडं.

"वस्ताद, तुमी? या की, बसा," शंभू लगबगीनं खुर्ची घेऊन आला.

"बसायला न्हाई आलो. चाललो हुतो म्होरं माले गावाला," रामदास म्हणाला, आणि माल्याला न जाता तिथंच दहा पावलांवर उभा राहिला.

शेजारी कोंडीबा आला. हा वरच्या वाडीतला, पडेल ते काम करणारा; आज मैदानावर गाड्या लावून घ्यायच्या कामावर होता. त्याची स्वतःची मोटारसायकल तंबूजवळच उभी होती आणि तिचा पुढचा टायर गणपतीच्या आधी रामदासनंच बसवला होता.

"वस्ताद, माजी गाडी घाटात सरकती बरं का जरा. म्होरलं चाक," कोंडीबा म्हणाला.

"ब्रेक मारायची रीत न्हाई तुला. माजीच बघ, दोन पावसाळं ह्याच घाटात पळतीया. एकदा तरी घसरली का? म्या सोता बसवलाय टायर." हे तो शंभूला ऐकू जाईल अशा बेतानं बोलला. शंभू मशीनवर वाकलेला होता. त्यानं मान वर केली नाही.

तेवढ्यात हेमलता आली. ही मूळची जळगावकडची, हिंजवडीत कामाला आणि जवळच्या जांबे गावात भाड्यानं राहणारी. या वर्षी सगळ्या ताफ्याच्या पुढं तिची गाडी राहणार होती. गेल्या वर्षी तिचं पंक्चर रामदासनं याच झाडाखाली काढलं होतं. येताना रस्त्याच्या कामाच्या खडीनं तिच्या पुढच्या टायरची कड कापली होती, आतली तार दिसत होती, आणि मागचाही टायर गुळगुळीत झालेला. तिला रामदास दिसला. "अरे काका! कसे आहात?" म्हणून ती मनापासून हसली. रामदासची छाती भरून आली. आता ही म्हणेल, काका, तुम्हीच बघा जरा. त्यानं बाहीसुद्धा वर सारली.

"दोन्ही टायर बदलायचेत, शंभूदादा. अर्ध्या तासात होईल ना? मला पुढं राहायचंय," ती तंबूत शिरत म्हणाली.

रामदासनं बाही खाली केली.

पुढचा अर्धा तास तो तिथून हलला नाही. पोहे आले, घेतले नाहीत. शंभूनं चाकं काढली, मशीननं पाव मिनिटात टायर उतरवला, नवा चढवला. बघणारे मोबाईलवर चित्रीकरण करत होते. रामदासला हे काम करायला वीस मिनिटं लागत आणि नंतर कंबर धरे. एवढं सोपं झालेलं काम बघून त्याला वाटलं, आपली सगळी उमर कुणीतरी थट्टेवारी नेली. त्याचे डोळे चूक शोधत होते. रिमला ओरखडा? नाही. कड नीट बसली नाही? बसली होती. देव करो आणि एक तरी चूक निघो, असं त्यानं खरोखर मनात म्हटलं.

आणि ती निघाली. शंभूनं पुढचं चाक गाडीत अडकवलं आणि रामदासचे डोळे चमकले.

टायरवरच्या नक्षीला टोक असतं. ते टोक चाक फिरेल त्या दिशेला हवं, मग मागचं असो की पुढचं. रामदासला त्याच्या वस्तादानं हेच शिकवलं होतं आणि त्यानं आयुष्यभर तसंच बसवलं होतं. हेमलताच्या मागच्या चाकाची नक्षी बरोबर होती. पुढच्याची उलटी. साफ उलटी.

आता इथं भला माणूस काय करेल? जवळ जाऊन शंभूच्या कानात सांगेल. रामदासनं तसं केलं नाही. तो थांबला. गाड्या रांगेत लागेपर्यंत थांबला, शिट्ट्या सुरू होईपर्यंत थांबला, हेमलता हेल्मेट चढवून सगळ्यांच्या पुढं येईपर्यंत थांबला. मग तो रस्त्यात आडवा उभा राहिला.

"ताई, जाऊ नगा! म्होरला टायर उलटा बसवलाय."

इंजिनं एकेक करून बंद झाली. दोनशे माणसं त्याच्याकडे बघत होती. किती दिवसांनी बघत होती.

शंभू पळत आला. त्याचा चेहरा पडलेला होता. "वस्ताद," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "जरा बाजूला या. मंग सांगतो."

"बाजूला कशापायी? हितंच बोल की!" रामदासला वाटलं, सापडला चोर. त्याचा आवाज चढला. "घाटात वल्ला रस्ता हाय, पोरगी सगळ्यांच्या म्होरं चाललीया, आन ह्यो उलटा टायर घालून देतो. अकरा वरसं शिकवलं ह्याला म्या. मशीन घेतलं, काचेचं दार लावलं, पर नक्षीचं टोक कुटं असावं ते ठावं न्हाई."

"वस्ताद, पाया पडतो तुमच्या. चला तिकडं," शंभूनं त्याचा हात धरला. रामदासनं तो झिडकारला.

हेमलता उतरली. तिनं मोबाईलचा दिवा लावला आणि पुढच्या चाकाशी वाकून बसली. क्षणभर तिनं बोट फिरवत टायरची बाजू चाचपली. "काका," ती म्हणाली, "हा बघा बाण. कंपनीनंच उमटवलेला असतो. पुढच्याच दिशेला आहे. बरोबर आहे की."

"बाण?" रामदास म्हणाला.

"पुढच्या चाकाची नक्षी उलटीच दिसते, काका. ब्रेक मारला की जोर उलट्या बाजूनं येतो ना, म्हणून. मागचा वेगळा, पुढचा वेगळा." ती हे फार मायेनं सांगत होती आणि त्यामुळे ते आणखीच लागत होतं.

रामदास वाकला. काळ्या रबरावर काळाच बाण, करंगळीच्या नखाएवढा. पूर्वी पुढच्या टायरला नुसत्या सरळ रेषा असायच्या. कसाही बसवला तरी चालायचा. नक्षी आली तेव्हा त्यानं ती आपल्या वस्तादाच्या हिशेबानं बसवली. बाण कधी शोधलाच नव्हता. मागं कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे रे, वय झालंय." इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि ताफा त्याला वळसा घालून निघून गेला.

धूळ खाली बसली तेव्हा कोंडीबा आपल्या गाडीपाशी उकिडवा बसलेला दिसला. तो पुढच्या चाकावर बोट फिरवत होता.

"वस्ताद," त्यानं तिथूनच विचारलं, "माजा बाण तर मागं बघतुया. म्हंजी माजाच उलटा हाय व्हय?"

शंभू कोंडीबाकडे गेला, चाक सोडवून तंबूत घेऊन आला आणि टायर फिरवून दिला. आणखी तिघं गाववाले आपापल्या गाड्यांपाशी वाकले आणि मग त्यांनीही गाड्या तंबूकडे ढकलत आणल्या. चौघेही रामदासची गिऱ्हाइकं. त्यांच्यातला एकही त्याच्या तोंडाकडे बघत नव्हता.

त्यानं पाय काढता घेतला. देवळामागं आपल्या गाडीशी आला, किल्ली लावली आणि थांबला. आपलाही उलटाच असणार. दोन पावसाळे उलट्या टायरवर काढले आपण. मग गाडी घसरली कशी नाही? तेवढा एक टेकू मनाला मिळाला: म्हणजे बाणबिण सगळं थोतांड. तो खाली बसला. मडगार्डवरचा चिखल खरवडला आणि टायरची बाजू थुंकी लावून पुसली.

बाण पुढं होता.

त्यानं तो दोनदा पुसला. हा टायर त्यानं स्वतः बसवला होता, नक्षीचं टोक पुढं धरून. म्हणजे बाण मागं असायला हवा होता. स्वतःच्या गाडीकडं टायरवाला कधी वाकून बघतो? पण हे चाक सोडवून कुणीतरी टायर फिरवला होता, हे नक्की. त्या गाडीला त्याच्याखेरीज एकाच माणसाचा हात लागला होता.

शंभू चहाचे दोन कप घेऊन देवळामागं आला. रामदास चाकाशी बसलेला बघून तो जागीच थबकला.

"कवा फिरवलास?" रामदासनं वर न बघता विचारलं.

"तुमचा हात मोडला हुता तवा. महिनाभर दुकान माझ्याकडं हुतं."

"मला इचारायचं न्हाई?"

"हात बरा झाला की तुमी पुन्हा रोज घाटानं जाणार हुता, वस्ताद. पावसाचं दिस हुतं."

"सांगायचं तरी."

शंभू म्हणाला, "त्याच्या आदी एकदा सांगितलं हुतं. बाण दावला हुता. तुमी पाना फेकून मारलात."

रामदासनं मान वर केली. भुवईतली ती पांढरी रेघ समोरच होती. त्याला सगळं आठवलं: टायर आडवा पडलेला, शंभूचं बोट रबरावर, आणि आपण म्हणालो होतो, मला शिकवतोस? तीन टाके घालून आल्यावरही हा दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान झाडायला हजर होता.

मशीनचा, तंबूचा, त्या काळ्या टी-शर्टाचा हेवा रामदासला पचला असता. चारचौघांना वाटतो तसला हेवा तो. पण दोन वर्षं हा माणूस आपली चूक जाणून होता. चार गिऱ्हाइकांत एका शब्दानं आपल्याला उताणं पाडता आलं असतं त्याला, आणि त्यानं तोंड उघडलं नव्हतं. आपल्याला त्याची चूक सापडली असं वाटलं, तर अर्धा तास दम निघाला नाही. आणि जो काही निघाला तोही दोनशे माणसं गोळा व्हावीत म्हणून. असलं मन याच्याकडं असावं आणि आपल्याकडं नसावं, याची रामदासला इतकी आग झाली की त्यानं कप घेतला आणि कढत चहा एका घोटात संपवला.

"ओ वस्ताद!" तंबूकडून कोंडीबाची हाक आली. "हवा भरलीया, किती ठिवायची?"

रामदास सवयीनं उठला. तोंड उघडणार तोच त्याला दिसलं की कोंडीबा शंभूकडे बघतोय.

शंभूलाही ते दिसलं. "त्यास्नी इचार," तो रामदासकडे हात करून म्हणाला. "हवेचा आकडा त्यांच्यावाणी कुणाला कळत न्हाई."

कोंडीबानं चाक तिथवर गडगडत आणलं. रामदासनं अंगठा टेकवला आणि दाबला.

"पंचवीस हाय. ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

शंभूनं खिशातून मीटर काढलं होतं. ते न लावताच त्यानं पुन्हा खिशात ठेवलं आणि कोंडीबाला मानेनं सांगितलं, बरोबर आहे, ने.