पारा उतरला तरी

मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा, पोटात पाऱ्याची केसाएवढी रेघ. मित्रांनो, भट्टीच्या धगीत मला घडवलं, अंगावर आकडे कोरले, तेव्हापासून मी कधी खोटं बोललो नाही.

शिलाई मशीनचा खण हे माझं घर. ‘हा आमचा घरचा डॉक्टर,’ असं या घरातल्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या आणि मी आपला फुगायचो. पुढे टीं टीं करणारा नवा थर्मामीटर आला. मी सुया-बॉबिनांत पडून राहिलो. सासूबाईंचा विश्वास मात्र माझ्यावरच.

त्यांच्या सुनेला सहावा महिना होता. एका दुपारी शिवता शिवता ती थंडीने कुडकुडू लागली. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, ‘ताप गेला तरी सगळ्या संपवायच्या.’

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला तिच्या काखेत लावलं.

“उतरला बाई! आता बास त्या गोळ्या. पोटातल्याला बाधतील.”

“आई, सगळ्या घ्यायला सांगितल्यात.”

“नातवंड त्यांना व्हायचंय की मला?”

“तुम्हालाच. म्हणून तर गिळतेय.”

थोड्या वेळाने माझा खण हळूच उघडला. चिंध्यांखाली गोळ्यांची पट्टी येऊन पडली. लपवणारा हात मायेचाच होता, पण माझा जीव वरखाली झाला. मला आकड्यांशिवाय बोलता येत नाही ना!

गोळीची वेळ झाली. सुनेने घर पालथं घातलं आणि शेवटी माझा खण उपसला. पट्टी हातात घेऊन ती सासूबाईंपुढे उभी राहिली. भांडली नाही.

“आई, चपला घाला. दोघी जाऊन विचारू. पण आत्ताच.”

“चल की! साक्षीला हाही येतोय,” म्हणत सासूबाईंनी मला पिशवीत टाकलं.

दवाखान्यात त्यांनी मला पुढे केलं. “बघा, ताप कुठाय?”

डॉक्टरीणबाईंनी मला नीट पाहिलं. “आजी, हा अंगाचा ताप सांगतो. रक्तातले जंतू याला दिसत नाहीत. ते वारेत, बाळाची नाळ जिथे जोडलेली असते तिथे, दडून बसले, तर ताप नसतानाही बाळाचं पोषण तोडतात. हिला चालतील अशाच गोळ्या दिल्यात. भीती गोळ्यांची नाही, अर्ध्यावर सोडण्याची आहे.”

सासूबाई एकदम सुनेवरच खेकसल्या, “मग बघत काय बसलीस? घे की गोळी! पाणी मी आणते.”

गोळ्या संपल्या. रक्त पुन्हा तपासलं, ते स्वच्छ निघालं. दिवस भरले आणि गुटगुटीत नात झाली. आता ती रांगत येऊन खण ओढते, म्हणून मला उंच फळीवर ठेवलंय. मित्रांनो, मला असंच जपा. फुटलो तर माझा पारा वाईट. पण माझा पारा खाली उतरला म्हणून कुणाचं औषध थांबवू नका. मी घरचा डॉक्टर नाही, नुसता निरोप्या आहे.

परवाच शेजारची पोटुशी मुलगी सांगत आली, “काकू, माझा मलेरियाचा ताप उतरला!”

“उतरू दे,” सासूबाई म्हणाल्या. “गोळ्यांची पट्टी आण आधी. रिकामी झालेली बघू दे मला.”