चौथ्या घराची उतरण

“हा हट्टी आहे बरं का! पण एकदा वाकला, की काळीज हलवेल.”

माझ्या कानावर पडलेला पहिला आवाज हा. कारखान्यातल्या लांब बाकावर एक बाई माझी पितळेची पाती घासत बसल्या होत्या. टोकाकडे घासलं की सूर चढायचा, बुडाकडे घासलं की उतरायचा. त्या जरासं घासायच्या, छेडायच्या, डोळे मिटून ऐकायच्या. शेजारीण वैतागली, “किती लाड करशील त्याचे? पुढच्याला घे आता!” तेव्हा कुठे त्यांनी मला पत्र्याचा अंगरखा चढवला आणि डबीत निजवलं.

मित्रांनो, मी एक जुना माउथ ऑर्गन आहे. अंग तळहाताएवढं, पण घरं दहा. प्रत्येक घरात दोन पाती: एक फुंकर घातली की गातं, दुसरं श्वास आत ओढला की. माझ्याशी बोलायचं तर घेणं आणि देणं दोन्ही यावं लागतं.

मला एका काचवाल्याने विकत घेतलं. खिडक्यांना काचा बसवणं हा त्याचा धंदा. काच चौकटीत बसली, कडेने पुट्टी फिरली, की ती जरा धरेपर्यंत थांबणं आलंच. मग तो खोकं उलटं करून त्यावर बसायचा, खिशातून मला काढायचा आणि शीळ घालावी तसा ओठांचा चंबू करून वाजवायचा. त्याच्या बोटांचा तेलकट वास माझ्या अंगाला लागला तो लागलाच. एका घरातल्या आजीबाई म्हणाल्या होत्या, “आणखी एखादी काच फुटली असती तर बरं झालं असतं रे!” तेव्हा मला कोण अभिमान वाटला!

काचवाल्याची बायको लवकर गेली. मागे राहिली लहानगी लेक. तिला निजवायला त्याने स्वतःच दोन ओळी जुळवल्या होत्या:

निजली गं माझी लेक, वाऱ्या चाल जरा हळू,
पावसा रे काचेवर, खडे नको तू उधळू.

शब्द तो मनात म्हणायचा, सूर माझ्यातून यायचे. ‘हळू’ या शब्दावर माझं चौथं घर होतं. तिथे श्वास ओढता ओढता तो सूर खाली कलायचा, जडावलेली पापणी मिटावी तसा. त्या उतरणीवर पोर हमखास झोपायची.

वर्षं गेली. काचवाल्याचे केस पिकले, आणि दात तर पाहुण्यांसारखे एकेक करून निरोप घेऊन गेले. लेक मोठी होऊन कवळ्या बनवायला शिकली. साचे, मेण आणि घासायचं यंत्र यांनी तिची छोटी खोली भरलेली असे. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने केलेली पहिली कवळी बापाची. काचवाला गल्लीभर सांगत सुटला, “माझ्या लेकीने मला दात दिले! दुधाचे दात आईने दिले होते, हे लेकीने!”

पण माझ्यापाशी आला तेव्हा त्याच्या ओठांचा चंबू काही जमेना. कडेने वाराच निसटायचा.

त्याचा एक दोस्त होता. जन्मभर खेळांच्या सामन्यांत पंच म्हणून फिरलेला, म्हणून सगळे त्याला शिट्टीमास्तर म्हणत. माउथ ऑर्गन तोही वाजवायचा, पण वेगळ्या रीतीने. तो म्हणाला, “चंबू सोड आता. तोंड चांगलं रुंद कर आणि चार घरं एकदम धर. डावीकडच्या तीन घरांवर जीभ ठेव, दारासारखी. उजव्या कोपऱ्यातून जो वारा जाईल, तो तुझा सूर.”

“या वयात जिभेला वळण लावू?”

“आजवर लावलं नाहीस, म्हणून तर सांगतोय!”

सुरुवातीला माझ्या पोटात नुसती लाळ जमायची. पण गडी चिकाटीचा. हळूहळू एकटा सूर निघू लागला. मग जीभ क्षणभर उचलून पुन्हा टेकवायची युक्ती साधली. जीभ उचलली की बंद घरंही एकदम बोलायची, टेकवली की गप्प. गाणं आणि ठेका दोन्ही एकाच तोंडातून! शिट्टीमास्तरने मांडीवर थाप मारली.

अडलं ते उतरणीपाशी. सूर वाकवायचा तर जिभेचं टोक त्या तीन घरांवरच राहू द्यायचं आणि मागचा भाग आत ओढून खाली न्यायचा. ‘ई’ म्हणता म्हणता ‘ऊ’ कडे जावं, तसं काहीसं. पण त्याची जीभ मागे कशाला तरी अडायची. मग तो जोर लावायचा. माझं चौथं पातं कळवळायचं.

“अरे, जोराने सूर वाकत नाही, मोडतो!” शिट्टीमास्तर ओरडला. “त्याला जागा दे, जागा! बघू, आ कर.” त्याने आत डोकावून पाहिलं. “ही कवळी टाळूवर मागच्या बाजूला केवढी जाड आहे! लेकीला सांग की.”

“नाही हां. तिचं पहिलं काम आहे ते. त्यात खोट काढू?”

त्याने मला फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिलं. फडक्याच्या अंधारात मी धूळ खात पडलो. एवढी माया असून एवढा मुकेपणा, याचं मला नवल वाटायचं.

पुढे लेकीला बाळ झालं. एका दुपारी ते काही केल्या झोपेना. ती म्हणाली, “बाबा, माझं गाणं वाजव ना त्याच्यासाठी.”

नाही कसं म्हणणार? त्याने मला पुसलं, तोंडाला लावलं. गाणं छान चाललं होतं. ‘हळू’ आलं आणि तो सूर सपाट ठेवून पुढे निघून गेला.

लेक थबकली. “बाबा, इथे उतरायचं असतं ना?”

“असतं होय? विसरलो बघ.”

बाळाला थोपटणारा हात थांबला. “परवा चष्मा डोक्यावर होता आणि तू घरभर शोधत होतास. मी हसले तेव्हा. पण हे गाणं? हे तू कसं विसरशील?” ती जवळ सरकली. “बाबा, तुला आठवेनासं झालंय का? खरं सांग. उद्याच डॉक्टरांना दाखवू.”

तिला दुखवायचं नाही म्हणून बोललेलं ते खोटं तिलाच केवढं लागलं!

मित्रांनो, माझी निगा सोपी आहे. खाल्ल्यावर चूळ भरून मग मला तोंडाला लावा, वाजवून झालं की झटकून पुसून ठेवा, आणि जोर करू नका. माणसांची निगा जरा अवघड. तिथे टोचतंय ते वेळेवर सांगावं लागतं. आता त्या कवळीची मागची कड पातळ झाली आहे आणि जिभेला वळायला ऐसपैस जागा आहे. माझं चौथं पातं अजून थोडं कुरकुरतं, पण वाकतं. बाळ बरेचदा उतरणीच्या आधीच झोपतं, तरी काचवाला तिथवर वाजवल्याशिवाय मला खाली ठेवत नाही.

त्या दुपारी मात्र लेकीचा प्रश्न ऐकून त्याने मला खाली ठेवलं. मग त्याने कवळी काढली, लेकीच्या तळहातावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाला, “विसरलो नाही गं, पोरी. ही मागून जाड आहे, माझी जीभ अडते. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. जरा घासून देतेस का?”