मागच्या सीटवरचे अर्जुनराव

भीमराज ओव्हाळनं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अँबॅसिडरच्या इंजिनवर टेकवलं, मूठ उजव्या कानाला लावली आणि डोळे मिटले. चिंचेखाली उभी असलेली चार माणसं आपोआप गप्प झाली.

"बेअरिंग एक नंबर," डोळे न उघडता तो म्हणाला. "टॅपेट जरा बोलतात, पण ते वयामुळं. ही गाडी रोज नाशिकला नेली आणि रोज परत आणली, तरी कुरकुर करायची नाही. उद्धवराव, आपण उभी जवानी टेस्टिंगला काढलीय. इंजिन साऱ्या जगाशी खोटं बोलेल, माझ्या कानाशी नाही."

उद्धवराव म्हणजे नाशिक फाट्यावरचा जुन्या गाड्यांचा दलाल. त्यानं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"भाऊ, इंजिन अजून चालू कुठं केलंय?"

"मग हे धडधडतंय काय?"

"ती पलीकडची पिठाची गिरणी."

भीमराजची बायको गिरजाबाई पदर तोंडाला लावून शेजारच्या फियाटची काच फार बारकाईनं बघायला लागली.

भीमराजला गाडी हौसेसाठी नको होती. कंपनीच्या टेस्टिंग शेडमध्ये इंजिनं बांधून दिवसभर पळवायची आणि आवाजावरून दोष सांगायचे, हे त्याचं काम. त्या कामानं त्याला दोन गोष्टी दिल्या होत्या. कानाचा अभिमान, आणि ठार बहिरा डावा कान. यंदा त्यानं कंपनीतून हिशेब घेतला. आता लेथवर लोखंड कापताना धारेवर सोडतात ते कटिंग ऑईल विकायचं होतं, भोसरीपासून मोशी, चाकण, खेड, पार नाशिकपर्यंत. मुंबईची एक तेल कंपनी त्या रस्त्याची एजन्सी द्यायला तयार होती, पण आधी महिनाभर माल रोखीनं उचलून विकून दाखवायचा, आणि एजंटाकडं स्वतःची गाडी पाहिजे. आणि महिनाअखेरीला मुंबईचे साहेब त्याच गाडीतून फिरून बघणार, की गिऱ्हाइकं एजंटाला ओळखतात का. ओळखली नाहीत तर एजन्सी नाही. कंपनीत परतायची वाट तर बंदच. घरी पिंपळे गुरवला पाटीसुद्धा रंगवून तयार होती, 'भीमराज ओव्हाळ, तेलाचे व्यापारी'. जागेअभावी ती खाटेखाली ठेवली होती, त्यामुळं सध्या ती फक्त मांजराला वाचता येत होती.

उद्धवरावच्या चिंचेखाली परवडण्यासारख्या तीन गाड्या होत्या. हेराल्ड दिसायला नवरी, पण तिचं सामान पुण्याबाहेर मिळत नव्हतं. मंचरला बिघडली तर मंचरलाच संसार थाटावा लागला असता. फियाट पेट्रोल बेतानं प्यायची, पण मागं तेलाचे डबे ठेवले की नाक वर करायची. राहिली अँबॅसिडर. प्यायला लाजत नव्हती, पण पाठीवर टाकलेलं निमूट नेत होती, आणि खेडच्या सायकलवाल्याकडंही तिचा नट मिळायचा. शिवाय तिची किंमत ऐकून गिरजाबाईला वाटलं, बोलताना एखादा आकडा सुपारीबरोबर पोटात गेला असावा.

"एवढी स्वस्त का?" तिनं विचारलं.

"ताई, मी देवाला भिऊन धंदा करतो," उद्धवराव म्हणाला. असं म्हणणारा माणूस पुढं खोटंच बोलतो, पण त्या दिवशी उद्धवरावची चूक झाली असावी. "ही गाडी मी तीनदा विकली. तीनदा परत आली."

"इंजिन?" भीमराजनं विचारलं.

"इंजिनला काही नाही. मागं कुणीतरी खोकतं."

"म्हणजे?"

"पहिले मालक अर्जुनराव. ग्राइंडिंगची चाकं विकायचे, ह्याच रस्त्यावर. पुढं ड्रायव्हर, मागं हे. सारा जन्म मागच्या सीटवर गेला. वारले ते घरात, अंथरुणावर, चांगले पिकून. पण सीटची सवय काही सुटली नाही म्हणतात."

भीमराज हसला. "उद्धवराव, भूतखेत, उतारा, लिंबू-मिरची, आम्ही छप्पन साली सगळं सोडलं."

"तुम्ही सोडलं भाऊ. त्यांनी सोडलंय का?"

उद्धवरावनं चाकाखाली ठेवायला लिंबं आणली होती. भीमराजनं ती मागून घेतली आणि सरबतासाठी गिरजाबाईच्या पिशवीत टाकली. गाडी घेतली.

गिरजाबाई ऐटीत मागं बसली. कासारवाडीचं फाटक यायच्या आत तिनं नवऱ्याच्या खांद्यावर दोनदा चापटी मारली.

"थांबवा. मी पुढं बसते."

"काय झालं?"

"वारं लागतंय."

काचा चारी बंद होत्या. पण भीमराजनं ते मनावर घेतलं नाही. गाडीत ड्रायव्हर उजवीकडं बसतो आणि बाकीचं जग डावीकडं, हे त्याच्या डाव्या कानाला फार सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून धंदा सुरू झाला. पांढराशुभ्र शर्ट, त्यावर सासऱ्यानं लग्नात दिलेला टाय. मोशीला धोंडीबाच्या हॉटेलासमोर गाडी थांबली तशी धोंडीबा दोन ग्लास घेऊन पळत आला. एक भीमराजच्या हातात दिला, दुसरा मागच्या खिडकीतून आत ठेवला.

"बिनसाखरेचा हाय," तो आतल्या अंधाराला म्हणाला. "लई दिसांनी फेरी झाली, अर्जुनराव."

"धोंडीबा, मागं कुणी नाही," भीमराज म्हणाला.

"व्हय, व्हय." धोंडीबानं समजुतीनं मान हलवली. "तुमी नवीन हाय, ड्रायवरसाहेब. हळूहळू वळख हुईल."

मागचा ग्लास कोण पितं हे भीमराजनं कधी बघितलं नाही. निघताना तो रिकामा असायचा एवढं खरं. पैसे मात्र पुढच्या खिडकीत मागितले जायचे.

चाकणला ज्योतीरामशेट म्हणून पंप दुरुस्तीचा कारखानदार होता. तो बाहेर आला, मागच्या दारावर कोपर टेकवून थोरल्या मुलीच्या सोयरिकीची सगळी कर्मकथा सीटला सांगितली, मधेमधे थांबून हुंकार दिले, एकदा तर मांडीवर थाप मारून हसला. मग सरळ होऊन भीमराजकडं वळला.

"अर्जुनरावांनी आणलंय म्हणजे माल चोखच असणार. ठेव दोन डबे आत."

"शेट, गाडी माझी आहे. तेलही माझंच."

"बरं, बरं. जपून ठेव, तिथं पंपाची पाती पडलीत."

भीमराजनं टाय खांद्यावरून मागं टाकला आणि डबे आत नेऊन ठेवले.

असं खेडला झालं, नारायणगावला झालं. माल खपत होता, नाव खपत नव्हतं. मोशीहून चिंबळीपर्यंत सोजरबाई नावाची म्हातारी भाजीची पाटी घेऊन गाडीत बसली. उतरताना तिनं भीमराजच्या चांगल्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं, "दादा, तुमच्या सायबास्नी खोकला लई हाय. अडुळसा द्या." आणि सीटला नमस्कार करून गेली.

गिरजाबाईनं तोड काढली. "सीटच काढून टाका. बसायला जागाच नको."

त्यानं मागची सीट उपसून खाटेजवळ ठेवली आणि तिच्या जागी तेलाचे डबे रचले. त्या आठवड्यात विक्री निम्म्यावर आली. म्हाताऱ्या माणसाला डब्यांवर बसवून फिरवणारा ड्रायव्हर अशी त्याची कीर्ती मोशीपासून नारायणगावापर्यंत पसरली. धोंडीबानं त्याला चहासुद्धा गार दिला. सीट परत बसवावी लागली.

थंडीतल्या एका सकाळी कुरुळीच्या पुढं, दोन्ही अंगाला कांद्याची वावरं आणि माणूस नाही, अशा जागी भीमराजनं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. वळून गुडघे सीटवर ठेवले आणि उजवा कान मागं लावला. टेस्टिंगला असताना तो असाच ऐकायचा, श्वास रोखून. पिस्टनचा केसाएवढा दोष त्या कानानं पकडला होता. आता काहीच आलं नाही. इंजिन तापल्याचा वाससुद्धा बोलतो म्हणायचा तो, पण त्या सीटवरची शांतता कापसाच्या गठ्ठ्यासारखी होती, दाबून भरलेली. मागच्या डाव्या काचेवर आतून वाफ धरली होती, वाटीएवढी. त्यानं रुमालानं पुसली. बघता बघता ती परत धरली.

तो पुढं वळून बसला. त्यानं गाडी लगेच सुरू केली. चाकण येईपर्यंत त्यानं आरशात बघितलं नाही.

"आज काय ऐकलंत?" रात्रीच्या भाकरीला गिरजाबाईनं विचारलं.

"काही नाही."

"मग तोंड असं का?"

"सगळ्या दुनियेला ऐकू येतं. मलाच येत नाही."

महिनाअखेरीला मुंबईचे करंदीकर साहेब आले. सुटाबुटातला सडपातळ माणूस, रुमालानं दाराची कडी पुसून मगच हात लावणारा. भीमराजनं पुढचं दार उघडलं होतं. साहेबांनी मागचं उघडलं, वाकले, "जरा सरकता का?" म्हणाले आणि आत बसले. भीमराजला वाटलं आपल्याला म्हणाले, म्हणून तो पुढच्या पुढं सरकला आणि दाराला चिकटून बसला.

जाताना साहेब बोलत होते. येताना साहेब बोलत होते. आरशात त्यांचा चेहरा दिसायचा, मान डावीकडं वळलेली, ओठ हलताहेत, मधेच हसणं. भीमराज प्रत्येक वेळी "हो साहेब" म्हणत होता. मोशीला धोंडीबा तीन ग्लास घेऊन आला. चाकणला ज्योतीरामशेटनं साहेबांशी हात मिळवला आणि वाकून त्यांच्या पलीकडं बघत मुलीचं लग्न ठरल्याची बातमी दिली. गिऱ्हाइकं एजंटाला ओळखतात का, हा प्रश्न साहेबांना विचारावाच लागला नाही. खेडला तर एकानं पेढे दिले, मागच्या खिडकीतून.

नाशिक फाट्यावर साहेब उतरले. चेहरा खुललेला होता.

"ओव्हाळ, एजन्सी पक्की समजा. ह्या रस्त्यावर दगडसुद्धा ओळखतो त्यांना. मी पंचवीस एजंट बघितले, असा माणूस नाही बघितला."

"कोणता माणूस साहेब?"

"अर्जुनराव हो. सोमवारी मोठे साहेब येतील, सह्या तेव्हा करू. एजन्सी त्यांच्याच नावानं ठेवू, लोक त्या नावाला मान देतात. त्यांचा खोकला मात्र दाखवून घ्या कुणाला तरी."

भीमराजनं टायची गाठ सैल केली. गाठ सैल झाली नाही, सुटूनच आली.

"साहेब, गाडी माझी. तेल मी विकतो. डबे मी उचलतो."

"हो ना. ते तेच सांगत होते." करंदीकरांनी प्रेमानं गाडीकडं बघितलं. "सगळ्या वाटेनं एकच टकळी. म्हणाले, माझं ह्यात काही नाही, धंदा पुढं बसलाय त्याचा आहे, नाव त्याचं लावा. मी म्हटलं, वा. इतका नम्र माणूस आजकाल मिळत नाही. म्हातारपणी असा मोठेपणा येतो काही लोकांना."

"अजून काय म्हणाले?"

"म्हणाले, मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगतो, पण कुणी ऐकतच नाही." साहेब हसले. "तुम्ही गाडी छान चालवता, ओव्हाळ. धक्का बसत नाही. त्यांना सोडू नका."

साहेबांची टॅक्सी गेली. फाट्यावर शिफ्ट सुटली होती. सायकलींचा लोंढा गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाहत होता, आणि त्यात भीमराज हातात टाय धरून उभा होता. ओळखीचा एकजण "काय टेस्टिंगवाले, मालक झालात" असं ओरडून गेला. भीमराजनं टाय खिशात कोंबला.

त्यानं मागचं डावं दार उघडलं. आत रेक्झिनवर खेडचा पेढा पुडीत तसाच होता.

"अर्जुनराव," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही, तेवढं माफ करा. सोमवारी पुढं बसायला या. तुम्ही मागं बसता, म्हणून मी ड्रायव्हर दिसतो. शेजारी बसलात तर बघू, काय म्हणतात."

सायकलवाले बघत होते. त्यानं पुढचं डावं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिला, म्हाताऱ्या माणसाला एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर बसायला लागतो तेवढा वेळ. मग दार न आपटता लावलं, वळसा घालून आपल्या जागी बसला आणि गाडी घराकडं काढली.

पिंपळे गुरवच्या वळणावर पुढच्या सीटचा डावीकडचा पाय मोडला आणि सीट त्या अंगानं खाली बसली. भीमराज दाराकडं सरकला, अर्जुनरावांना नीट बसता यावं म्हणून.